‘दार गेलं’: एका मराठी रॉक अल्बमची घडण

पुण्यातल्या आमच्या चौघांच्या बँडने २०१७च्या जूनमध्ये आठ मराठी गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड करायला घेतला आणि तो पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत हातात आला. मी गिटार वाजवतो आणि गातो. गाण्यांचे शब्द बहुतेक आमचा बासवादक लिहितो. मराठीत रॉक करणाऱ्या मुलांपैकी कोणी स्टुडिओत जाण्याच्या बेतात असेल, तर आमचे काही महिने कशात गेले आणि ते कसे सार्थकी लागले हे त्याला आधी कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

रॉकमध्ये सर्वांत आधी ड्रम्स पक्के करतात, कारण बाकी सगळी वाद्ये त्यांच्या आधाराने उभी राहतात. नदीकाठच्या एका तळघरातल्या स्टुडिओत आम्ही चार दिवसांत आठही गाण्यांचे ड्रम्स घेतले आणि जुलैभर त्यांवर बास आणि गिटार चढवत राहिलो. महिनाअखेरीस कच्चा मिक्स, म्हणजे सगळी वाद्ये ढोबळपणे एकत्र केलेले गाणे, घरी नेऊन मोबाइलच्या स्पीकरवर लावला, तेव्हा हेडफोनवर भरीव वाटणारा स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा मुख्य ड्रम) अगदी पोकळ, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा ऐकू आला. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडले. ड्रमसेटच्या वर डावी-उजवीकडे जे दोन माइक टांगतात, ते स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असावे लागतात. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्यात सुमारे २० सेंटिमीटरचा फरक राहिला होता. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे स्नेअरचा प्रत्येक ठोका एका माइकवर अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त उशिरा पोहोचत होता. हेडफोनवर प्रत्येक कानाला आपापला माइक वेगळा ऐकू येतो, म्हणून दोष कळत नाही. पण दोन्ही आवाज एकाच स्पीकरमध्ये मिसळले की ८५० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि ठोक्याचा गाभाच जातो. संगणकावर एक ट्रॅक पुढे सरकवून स्नेअर जुळवता येतो, परंतु मग झांजा आणि टॉम, म्हणजे सेटमधले बाकीचे ड्रम, आपल्या जागेवरून हलतात. सगळे ड्रम्स पुन्हा घ्यायचे ठरले. महिनाभराची गिटार त्यासोबत गेली, याचे फार वाईट वाटले.

दुसऱ्या खेपेला आम्ही सुतळी आणली. तिचे एक टोक ड्रमरने स्नेअरच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरायचे, मी ती ताणून पहिल्या माइकपर्यंत न्यायची, तिथे गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या माइकच्या तोंडाला टेकेपर्यंत त्याचा स्टँड हलवायचा. दर ब्रेकनंतर आम्ही हे पुन्हा करत असू. मात्र तोवर ऑगस्ट उजाडला होता. त्या वर्षी गणपती २५ ऑगस्टला बसणार होते आणि नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी जोरात चालू होता. ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर चार मीटरहून लांब असते. तिला भिंतीवरचा फोम अडवू शकत नाही, जाड आणि वजनदार बांधकामच अडवते. ढोलाचा घुमारा आमच्या किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, माइकमध्ये स्पष्ट उतरत असे. म्हणून आम्ही सकाळी सहा ते अकरा एवढ्याच वेळात काम केले, आणि दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा संभव असल्यामुळे गुरुवार सोडून दिले. या सक्तीचा एक लाभ झाला. दिवसाला एकच गाणे होत असल्याने प्रत्येक गाण्याच्या लयीचा विचार करता आला. जूनमध्ये आम्ही अख्खे गाणे एकाच क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या एकाच वेगावर, वाजवले होते. आता कडव्याला मिनिटाला ९६ ठोके असतील तर ध्रुवपदाला ९८ ठेवले. ऐकणाऱ्याला हा फरक मोजता येत नाही, पण गाणे पुढे झेपावते. ते आठवडे मला आजही अल्बमचा सर्वांत चांगला काळ वाटतात.

गिटारचे फारसे सांगण्यासारखे नाही. पावसाळी हवेत लाकूड फुगते, दर टेकआधी ट्यूनिंग तपासावे लागते. आणि अ‍ॅम्पसमोरचा माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे एखादा इंच सरकवला तरी आवाज धारदारचा मऊ होतो. त्यामुळे बटणांना हात लावण्याआधी माइक हलवून पाहावा.

खरी परीक्षा शब्दांची होती. पाडून टाकलेल्या वाड्यावरचे आमचे एक गाणे वर्षभर अडले होते. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, उत्तम होता, परंतु त्यावर बसवलेली प्रत्येक ओळ भाषांतर केल्यासारखी वाटे, कारण आम्ही इंग्रजी गाण्यांच्या चालीचा आराखडा मनात धरून त्यात मराठी अक्षरे कोंबत होतो. बासवादकाने शेवटी मोठ्या अभंगाचे माप घेतले: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक.

जुन्या त्या वाड्याची
कौलं उतरली
भिंत कोसळली
दार गेलं

प्रत्येक चरणाला चार ठोक्यांचे एक आवर्तन दिले, तेव्हा चौथा चरण आखूड असल्याने शेवटी आपोआप जागा उरली आणि गिटार तिथे नेमकी बसली. आमच्या भाषेने ही जागा शतकानुशतके राखून ठेवली आहे, हे त्या दिवशी जॅमपॅडमध्ये, म्हणजे आमच्या सरावाच्या खोलीत, चौघांनाही एकदम जाणवले. शिवाय ‘दार’ आणि ‘भिंत’ बोलताना शेवटचे अक्षर तोकडे होते, तर अभंगात ते पूर्ण मोजले जाते. ‘दा-र’ असे दोन ठोक्यांवर म्हटले की शब्दाला वजन येते.

मग अनुस्वाराचा प्रश्न आला. ‘गेलं’वर मला दोन आवर्तने स्वर धरायचा होता. ‘गेले’ म्हटले तर ‘ए’ पल्लेदार लागतो आणि गिटारच्या भिंतीतून सहज बाहेर येतो, पण पुस्तक वाचून दाखवल्यासारखे वाटते. घर गेलेला माणूस दारात उभा राहून असे बोलत नाही. ‘गेलं’मधला शेवटचा स्वर उघडा, काहीसा दबलेला, आणि वरच्या पट्टीत तो फाटतो. मी दोन्ही रूपांचे टेक घेतले, गाणे अर्ध्या स्वराने खाली आणले आणि ‘गेलं’ ठेवले. तो स्वर किंचित फाटतो तो तसाच ठेवला आहे, कारण तिथे तो फाटायलाच हवा.

मिक्समध्येही याच शब्दांसाठी भांडावे लागले. रॉकमध्ये गायकाचा आवाज गिटारच्या आत ठेवण्याची पद्धत आहे. भावगीतांवर वाढलेला आपला श्रोता मात्र आधी शब्द शोधतो. दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात व्यंजने आणि गिटार दोन्ही गर्दी करतात, तेव्हा गायकाचा आवाज वाढवण्याऐवजी आम्ही तिथली गिटार जिथे मी गातो तेवढ्यापुरती कमी केली. मास्टरिंगला, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या संस्काराला, आवाजाची पातळी ताणण्याचा मोहही टाळला. स्पॉटिफायसारख्या सेवा ती उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे एकक) आसपास आणून ठेवतातच. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा क्रमांक घेतला आणि कवी-संगीतकार म्हणून आमची नावे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवली. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला हा वाटा कायद्याने राखलेला आहे, तो कोणी सोडू नये.

जानेवारीत सीडीसोबतच्या पुस्तिकेचे प्रूफ आले. मुद्रितशोधन करणाऱ्याने सगळीकडे शिस्तीने ‘गेले’, ‘कौले’ करून ठेवले होते. पुस्तिका छापायला जाण्याच्या आदल्या रात्री बासवादक आणि मी लाल पेन घेऊन बसलो आणि आठही गाण्यांतले अनुस्वार एकेक करून परत लावले.