टाइमशीटमधले आठ तास

शुक्रवार, रात्री

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टाइमशीट भरली नाही तर सोमवारी सकाळपासून स्मरणपत्रांचा भडिमार सुरू होतो, म्हणून आज आमच्या संपूर्ण टीमने ती वेळेत भरली. सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक चौकटीत आठ. मंगळवारी रिलीज होते, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकासाठी सुरू करायची होती, आणि रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही सगळे कॉलवर होतो, तरीही मंगळवारच्या चौकटीत आठच. ग्राहकाला दिवसाचे आठ तास बिल होतात. नववा तास लिहिला की तो कोणाच्या खात्यावर टाकायचा हा प्रश्न उभा राहतो आणि तो प्रश्न कोणालाच नको असतो.

याच वर्षी रुजू झालेल्या मुलीने मात्र आज विचारले, "मॅडम, मंगळवारचे चौदा लिहायचे ना?" (कंपनीत सर्वांना नावाने हाक मारण्याची पद्धत असली तरी तिच्या तोंडचे मॅडम अजून सुटलेले नाही.) मी उत्तर देण्याआधीच शेजारच्याने हसून सांगितले की सिस्टिम आठच्या वर घेत नाही. तिने चौदा टाकून पाहिले. चौकट लाल झाली. तिने आठ लिहिले.

काल दुपारी एक वाजता, म्हणजे नेमक्या जेवणाच्या वेळी, मनुष्यबळ विभागाने ताणमुक्तीचे ऑनलाइन सत्र ठेवले होते. प्राणायाम, पुरेशी झोप, झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवणे, असे सगळे सांगून झाले. वक्त्या मनापासून बोलत होत्या, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण बहुतेकांचे कॅमेरे बंद होते आणि दुसऱ्या खिडकीत काम चालू होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय! ज्यांना रात्री दीडपर्यंत कॉलवर बसवले त्यांनाच पुरेशी झोप घ्या म्हणून सांगायचे असेल, तर त्या सत्राला निदान त्यांच्या मॅनेजरनाही बोलवायला हवे होते.

कायद्याचा अभाव आहे, असेही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दराने वेतन ठरवले आणि असे जादा काम तीन महिन्यांत १२५ तासांहून अधिक नसावे असेही सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर आणि जादा कामाची १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा बरीच टीका झाली आणि ती योग्यही होती. व्यवस्थापकीय पदे या मर्यादांतून वगळलेली आहेत हे मान्य, पण आज चौकट लाल करणारी मुलगी काही व्यवस्थापक नव्हे. तिच्यासाठी मर्यादा नऊची असो की दहाची, जो तास कागदावर उतरतच नाही त्याचे दुप्पट वेतन ती कशाच्या आधारे मागणार?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आमच्या नोंदींप्रमाणे कोणीही चाळिसाच्या पुढे जात नाही, तेव्हा कागदोपत्री आम्ही सगळे ठणठणीत. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले तेव्हा ऑफिसमध्ये दिवसभर तावातावाने चर्चा झाली होती, आणि त्या आठवड्याच्या टाइमशीटमध्येही प्रत्येकाचे चाळीसच तास होते.

परळला १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडलेल्या मागण्या आज पुन्हा वाचल्या. रविवारची सुट्टी मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. रविवार त्यांनी १८९० मध्ये मिळवून दिला, त्याबद्दल आपण त्यांची आठवण काढतो. मला मात्र त्यांचा घड्याळाचा आग्रह अधिक मोलाचा वाटतो. काम कधी सुरू होते आणि कधी संपते हे मालकासमोर उघडपणे मांडले, म्हणून तर त्यावर भांडता आले. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागितला होता, पण कामाची वेळ संपल्याची नोंदच नसेल तर तो हक्क नेमका किती वाजता सुरू होणार, हा पेच उरतोच.

संध्याकाळी मॅनेजरशी बोलले. माणूस वाईट नाही. "खरे तास लिहिले तर प्रकल्प तोट्यात दिसेल," असे तो म्हणाला. दिसेल म्हणजे काय, तो तोट्यातच आहे. पाच जणांचे काम तीन जणांत बसवून अंदाजपत्रक दिले आणि उरलेल्या दोघांचे तास आम्ही झोपेतून भरून काढतो आहोत. पुढच्या टप्प्याचा अंदाज बुधवारी पाठवायचा आहे. त्यात रिलीजची रात्र आणि दुसऱ्या दिवशीची भरपाई सुट्टी मी स्वतंत्र ओळीत लिहिणार आहे. ग्राहकाला ती ओळ काढायची असेल तर काढू दे, पण काढण्यापूर्वी त्याला ती वाचावी लागेल, आणि काढली तर रिलीज दिवसा ठेवा असे मला लेखी म्हणता येईल.