तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर मशीन, आणि घरी आल्यावरही मशीनच?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. चार लेथ (धातू फिरवून कातायची मशीनं), दोन सीएनसी (संगणकावर चालणारी), एक जुनं रेडियल ड्रिल. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. सकाळी साडेआठला शटर वर जातं आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत केसांनाही कूलंटचा वास येत असतो. जेवणं झाली की मी कॉटवर पाय पसरते, निन्टेंडो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून खेळायची व्हिडिओ गेमची डबी, उघडते आणि ‘कर्बी: प्लॅनेट रोबोबॉट’ हा गेम लावते. मग कुणी ना कुणी विचारतंच. आमच्याकडचे ऑपरेटर विचारतात, वहिनी विचारते, शेजारच्या काकू तर दर महिन्याला विचारतात: “अगं, दिवसभर मशीनमध्येच असतेस, मग घरी येऊन परत त्या रोबोचाच गेम कसा खेळवतो तुला?”

आजवर मी हसून “आवडतो” एवढंच म्हणत आले. पण उत्तर तेवढंच नाही.

आधी गेम काय आहे ते सांगते. कर्बी म्हणजे गुलाबी, गोल, दोन इवल्या हातांचा आणि दोन लाल पायांचा जीव. जपानच्या हॅल लॅबोरेटरी या कंपनीत मासाहिरो साकुराई नावाच्या जेमतेम विशीतल्या मुलाने तो घडवला आणि १९९२ मध्ये गेम बॉय या निन्टेंडोच्या जुन्या डबीवर त्याचा पहिला गेम आला. खरं पात्र ठरेपर्यंत पडद्यावर काहीतरी हलतं दिसावं म्हणून साकुराईने एक साधा गोळा ठेवला होता. पुढे त्या गोळ्याचाच लळा लागला आणि तोच कायम झाला. ज्याने आयुष्यात कधी गेम खेळला नाही त्यालाही शेवटापर्यंत जाता यावं, हा साकुराईचा हेतू होता. म्हणून कर्बी गाल फुगवून हवेत तरंगू शकतो. खड्डा आला तर तरंगत पलीकडे जा, उडी चुकली तर तरंगत वर या. समोरच्या शत्रूला गिळून त्याची कला उचलायची, ही युक्ती पुढच्या वर्षीच्या गेमपासून आली आणि तीच त्याची ओळख झाली.

‘प्लॅनेट रोबोबॉट’ २०१६ चा. यात हॅल्टमन वर्क्स नावाची कंपनी अवकाशातून येते. तिचं गोल, अजस्र जहाज कर्बीच्या ग्रहात आपले पाय रोवतं आणि सगळं यंत्रमय करून टाकतं. झाडं पत्र्याची होतात, टेकड्यांना पॅनल बसतात, ओळखीचे शत्रू निम्मे धातूचे होऊन फिरायला लागतात. कंपनीला अध्यक्ष आहे, अध्यक्षाची सेक्रेटरी आहे, कंपनीचं स्वतःचं गाणंसुद्धा आहे. (गेम करणारी हॅल आणि गेममधली हॅल्टमन, हे नावांचं साम्य मला पहिल्याच दिवशी दिसलं आणि फार आवडलं.)

असा गेम म्हटलं की सहसा पुढची गोष्ट ठरलेली असते. यंत्र वाईट, निसर्ग चांगला, यंत्र मोडा. मला तेवढं ऐकवलं असतं तर मी तिथेच डबी मिटली असती, कारण ज्या यंत्रावर आमच्या घरातल्या तीन पिढ्या जेवल्या त्याला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही.

इथे काय होतं ते बघा. सुरुवातीच्या टप्प्यांतच शत्रू एका यांत्रिक चिलखतात, आर्मरमध्ये, बसून कर्बीवर चालून येतो. ओबडधोबड, राकट यंत्र. कर्बी त्याला हरवतो आणि रिकाम्या आर्मरमध्ये टुणकन उडी मारतो. आर्मर त्याला स्कॅन करतो. क्षणभर थांबतो. आणि मग ते अख्खं यंत्र गुलाबी होतं, त्याला कर्बीचेच डोळे येतात, गोल चेहरा येतो. मघाशी चाल करून आलेलं यंत्र आणि आता आपल्यासोबत चालणारं यंत्र, दोन्ही एकच. आत कोण बसलंय तेवढं बदललं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा दोन नंबरचा लेथ आठवला. तो आम्ही एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतला. तिथे म्हणे तो सतत जॉब, म्हणजे त्याच्यावर लावलेला सुटा भाग, खराब करायचा, कुणी त्याच्यावर उभं राहायला तयार नसायचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो आणला, आठवडाभर उघडून बसले, स्लाइडच्या पट्ट्या घासल्या, तेलाच्या नळ्या साफ केल्या. आज वर्कशॉपमधलं सगळ्यात नाजूक काम त्याच्यावर होतं.

आता बोल्टचं सांगते, कारण माझं खरं मन तिथे अडकलंय. आर्मरमध्ये बसलं की वाटेत ठिकठिकाणी मोठाले बोल्ट लागतात. आर्मरच्या हातांनी बोल्ट धरायचा आणि फिरवत राहायचं. बोल्ट निघाला की पूल खाली येतो, दार उघडतं, कधी समोरची सगळी वाटच बदलते. काही ठिकाणी उलट आहे, बोल्ट आवळत जाल तसं काहीतरी वर चढतं.

ज्यांनी कधी गंजून धरलेला बोल्ट सोडवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्या संध्याकाळी डिझेल सोडून ठेवायचं. सकाळी पाना लावायचा, पाय रोवायचे, अंगाचा भार हळूहळू टाकायचा. झटका दिला तर बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग दिवस गेला. काही क्षण काहीच होत नाही. मग एक बारीक ‘कर्र’ ऐकू येतो, आणि तो कानांआधी मनगटाला कळतो. त्यानंतर पाना जो सैल फिरतो, त्या सुखाला मला दुसरी उपमा सापडलेली नाही. गेम करणाऱ्यांना आर्मरच्या हातून नुसती मारामारी करून घेता आली असती. त्यांनी त्याला पानेवाल्याचं काम दिलं. यंत्राचं खरं बळ सोडवण्यात आणि जोडण्यात असतं हे त्यांच्यापैकी कुणालातरी ठाऊक असणार, असं मला दर वेळी वाटतं.

आत बसून चालवायचा महाकाय यंत्रमानव जपानी गोष्टींमध्ये १९७० च्या दशकापासून रुळलेला आहे. तिथे बहुतेक वेळा तो युद्धाचं ओझं घेऊन येतो. इथे तो खेळ घेऊन येतो. आर्मर समोरच्याला स्कॅन करून त्याची कला उचलतो आणि स्वतःचा आकार बदलतो. चाकवाल्याची कला घेतली की त्याची मोटार होते आणि रस्ता सोडून मागच्या रस्त्यावर उडी मारते, तिथून परत पुढे येते. दगडाची घेतली की मुठी घणाएवढ्या होतात. कटरची घेतली की हातांत धारदार पाती येतात. माइकची घेतली की तो स्पीकरची भिंत होऊन जातो, हे पाहून आमचा ऑपरेटर पोरगा म्हणाला, “ताई, ही तर गणपतीची मिरवणूक!” त्यानंतर तो रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं डबी मागतो. विमान होऊन उडायचे टप्पे मात्र मला इतरांइतके भावत नाहीत. तिथे यंत्राचं वजन हाताला जाणवत नाही.

वजनाचंच घ्या. आर्मरमध्ये नसताना कर्बी फुग्यासारखा आहे. आर्मरमध्ये चढला की प्रत्येक पावलाला दणका आहे, उडी जड आहे, तरंगणं जवळजवळ संपलेलं आहे. बाहेर पडलं की पुन्हा हलकं. हलकं आणि जड यांची ही ये-जा शिन्या कुमाझाकी या दिग्दर्शकाने आणि त्याच्या माणसांनी अशी बसवली आहे, की दोन्हींपैकी कशाचाच कंटाळा येत नाही. थ्रीडीएसच्या पडद्यावर चष्म्याशिवाय खोली दिसते, तिचाही वापर नुसता दिखाऊ नाही. मागच्या थरात असलेला बोल्ट खरोखर मागे दिसतो.

आणि स्टिकर! टप्प्यांमध्ये स्टिकर सापडतात, जुन्या गेममधल्या कर्बीची बारीक ठिपक्यांची चित्रंसुद्धा त्यांत आहेत. ते आर्मरवर चिकटवता येतात. त्याने ताकद वाढत नाही, वेग वाढत नाही. नुसतं सजवायचं. खंडेनवमीला आम्ही मशीन बंद ठेवतो, पुसून लख्ख करतो, लेथच्या चकला, म्हणजे जॉब धरणाऱ्या भागाला, हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. माळ घातल्याने लेथचा नेमकेपणा काडीनेही वाढत नाही हे आम्हाला कळतं. वर्षभर ज्याने साथ दिली त्याला एक दिवस नटवायचं असतं. माझी भाची पहिल्यांदा आर्मरवर स्टिकर लावत होती तेव्हा तिची जीभ बाहेर आली होती, अगदी तशीच, जशी माळ बांधताना आण्णांची यायची.

थ्रीडीएस २०१७ मध्ये मामेभावाने न्यू जर्सीहून आणला. त्यावर तिकडच्याच कार्ट्रिज (गेमची छोटी कार्डं) चालतात, म्हणून गेमही त्याच्याकडूनच मागवला. आता ती डबी बनणं बंद झालंय, आणि मार्च २०२३ पासून निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातून तिच्यासाठी काही विकत घेता येत नाही. म्हणून मी ही कार्ट्रिज मायक्रोमीटरसारखी जपते, मऊ कपड्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

गोष्टीत पुढे एक जागा आहे, ती वगळून उत्तर पूर्ण होणार नाही. अध्यक्ष हॅल्टमनची मुलगी एका अपघातात हरवलेली असते. तिला परत मिळवायला तो एका प्राचीन, अफाट संगणकाला जागं करतो आणि पुन्हा पुन्हा त्याच्याशी स्वतःला जोडून घेतो. संगणक दर वेळी त्याच्या आठवणींचा थोडा थोडा भाग खात जातो. मुलगी परत येते. त्याच्याच कंपनीत, त्याच्याच शेजारी उभी राहते. तोवर तिला ओळखायला तो माणूस आत उरलेला नसतो. ती सेक्रेटरी, सूझी, तीच त्याची मुलगी. हे सगळं गेम मोठ्याने सांगत नाही. खेळ थांबवल्यावर दिसणाऱ्या मजकुरात, तुकड्या-तुकड्यांत ते सापडतं.

वर्कशॉप उभं राहत होतं ती वर्षं आण्णा मला रविवारीच दिसायचे. बाकी दिवस ते यायचे तेव्हा मी झोपलेली असायचे. त्यांनी ते आमच्यासाठीच केलं, यात मला कधी शंका नव्हती. दहावीच्या सुट्टीत मी हट्टाने त्यांच्यासोबत वर्कशॉपवर जायला लागले ते लेथ शिकायला नव्हे, त्यांच्याजवळ बसायला. लेथ मग शिकून झाला. सूझीचा मजकूर मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री डबी मिटून बाहेरच्या खोलीत गेले. आण्णा बातम्या बघत होते. “का गं, झोपली नाहीस?” म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले, बातम्या संपेपर्यंत.

आता भाची आठ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने गेम शेवटापर्यंत नेला. शेवटच्या लढाईत आर्मर अख्ख्या लढाऊ जहाजालाच स्कॅन करतो आणि संगणकावर चालून जातो. आणि अखेरचा घाव बोल्ट फिरवल्यासारखा, गरगर फिरत आत घुसून. इतके दिवस हाताला जे शिकवलं तेच सगळ्यात शेवटी कामाला येतं. भाची कॉटवर उभी राहून ओरडत होती. मग सगळं शांत झालं. स्फोटानंतर कर्बी आतमध्ये निपचित, आणि आर्मर, आत्तापर्यंत जो फक्त आपण चालवू तसाच चालला, तो स्वतःहून कर्बीला बाहेर, घराच्या दिशेने फेकतो. स्वतः अवकाशात मागे राहतो.

भाची किती तरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आत्या, त्याला आणायला कोण जाणार?”

मला उत्तर देता आलं नाही. तिनेच डबी माझ्या हातून घेतली, पहिला टप्पा पुन्हा लावला, आणि तो राकट, अजून गुलाबी न झालेला आर्मर समोरून चालत आला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, “हा बघ. इथेच आहे.”