लाँगवूडच्या चढावर

लंडन, यॉर्क, लेक डिस्ट्रिक्टचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते सोडून देते. लिहायचंय ते उत्तर इंग्लंडातल्या हडर्सफील्डबद्दल. लीड्सला राहणारी लेक म्हणाली, "आई, तिथे कोणी फिरायला जात नाही गं." स्टेशनचे भव्य खांब घाईघाईने पाहून आम्ही तिथल्याच लाँगवूड या भागाची बस धरली. काळवंडलेल्या दगडाची एकमेकांना चिकटलेली घरं, दम काढणारा चढ, वर भुरभुर पाऊस.

हडर्सफील्ड या कापडगिरण्यांच्या गावाचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी १९०४ साली जाहीर केलं, की माझ्या कारकिर्दीत लाँगवूडमध्ये जन्मलेलं मूल वर्षाचं झालं की त्याला एक पौंड मिळेल. तेव्हा इंग्लंडात हजारी दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. उन्हाळ्यात जुलाबाने तर फारच.

सगळे त्या पौंडाचं कौतुक करतात. मला मात्र त्या चढावर ४२ हा आकडा टोचत राहिला. जन्म नोंदवायला कायद्याने ४२ दिवसांची मुदत होती. आरोग्य खात्याला कळेपर्यंत कित्येक बाळं गेलेली असायची. मग भेटायला जायचं कुणाकडे? म्हणून हडर्सफील्डने १९०६ मध्ये स्वतःपुरता कायदा करून घेतला: जन्म ४८ तासांत कळवायचा. कळलं की खात्याची डॉक्टरीणबाई दारात, मदतीला गावातल्या स्वयंसेविका. बाळाला अंगावरच पाज, हे आईला पुन्हा पुन्हा सांगायचं.

आपल्याकडे दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून येऊ लागते आणि नवजात बाळासाठीची तिची शेवटची भेट असते ४२व्या दिवशी! म्हणजे तिथली मुदत संपेपर्यंत आपल्या ताईच्या नवजात बाळासाठीच्या सगळ्या फेऱ्या झालेल्या. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळं वाचवता येतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिलं. आणि त्याच आशाताईला मानधनासाठी रस्त्यावर बसावं लागतं. हे बोलताना माझा आवाज इतका चढला, की लेकीने हात दाबला.

१९०७ मध्ये इंग्लंडभरासाठी तसा कायदा झाला, पण मर्जीचा. ज्या पालिकेला वाटेल तिने लागू करावा. सक्ती व्हायला १९१५ उजाडलं. तोवर महायुद्धात तरुण पोरं मरत होती, तेव्हा कुठे सरकारला बाळांची किंमत कळली. याचा मला अजूनही राग येतो.