मांडीपर्यंत नॉर्मल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हाडं दुखतात म्हणून कुणी आलं की डॉक्टरला आधी तीनच गोष्टी सुचतात: सिकलसेल, पाण्यातलं फ्लोराइड, नाहीतर व्हिटॅमिन डीची कमतरता. कापूस वेचायला जाणारी ही चाळिशीतली बाई तिन्हींत बसेना. सिकलिंग निगेटिव्ह. फ्लोरोसिसमध्ये हाड एक्स-रेवर दाट, पांढरं दिसतं; हिचं विरळ, वर दोन्ही मांड्यांच्या हाडांना भेगा. डीची इंजेक्शनं घेऊन झालेली. एका डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितला होता, दुसऱ्यांनी टेन्शन. "खाटेवरून उठता येत नाही जी, मांड्यांत जीवच नाही," ती म्हणाली.

रक्तातला फॉस्फरस, ज्याने हाड घट्ट होतं, आला १.३. अडीचच्या वर हवा. कॅल्शियम सगळे तपासतात, फॉस्फरसची कुणाला आठवणच होत नाही! लघवीतून फॉस्फेट वाहून जात होतं, रक्तात एफजीएफ-२३ हे फॉस्फेट लघवीत सोडायला लावणारं संप्रेरक वाढलेलं. घरात कुणाला असा त्रास नाही, मोठेपणी सुरू झालेला. म्हणजे अंगात कुठेतरी एक गाठ हे संप्रेरक ओतत बसलेली. अशी गाठ बहुधा कॅन्सरची नसते, पण इतकी लहान असू शकते की हाताला लागतच नाही.

ती शोधायची गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनने. गाठीच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला पकडणारे रिसेप्टर असतात, त्यांना हे औषध चिकटतं आणि गाठ फोटोत चमकते. पण त्यातलं किरणोत्सारी गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. ते तालुक्याला पोचणार कसं? पेशंटलाच शहर गाठावं लागतं.

गेली, आली. रिपोर्ट नॉर्मल. नवरा खूश. मी वरचा बारीक मजकूर वाचला: कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत. कॅन्सरच्या नेहमीच्या स्कॅनची ही ठरलेली हद्द. या गाठी मात्र पायांत बऱ्याचदा सापडतात. चिठ्ठीत मी 'टाळू ते तळपाय, हातांसह' असं स्पष्ट लिहिलं होतं. पण चिठ्ठी वाचतो कोण, मशीनवर प्रोटोकॉल तयारच असतो. 'मांडीपर्यंत नॉर्मल' एवढं लिहायला काय जात होतं?

"रिपोर्ट तर चांगला आला जी, आता पुन्हा कायले जायचं?" नवऱ्याचा प्रश्न रास्त होता. फोनवर बराच वाद घातल्यावर सेंटरने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत. बसभाडं आणि बुडालेली मजुरी मात्र यांचीच.

या वेळी बरगड्यांत फिकट ठिपके दिसले. भरत आलेली फ्रॅक्चरंही थोडं औषध ओढतात, त्यांना फसायचं नसतं. उजव्या टाचेच्या हाडात मात्र लख्ख डाग. सगळंच अंग ठणकत असताना टाच वेगळी कोण सांगणार? शस्त्रक्रियेत गाठ आजूबाजूच्या थोड्या हाडासकट काढली. आठवड्याभरात फॉस्फरस नॉर्मल झाला. आता ती काठीशिवाय चालते. पाठीला आलेला बाक तेवढा राहिला, तो जाणार नाही.

गाठ परत येऊ शकते, म्हणून फॉस्फरस तपासत राहायचं. आमच्याकडे ही तपासणी होत नाही, नमुना जिल्ह्याला जातो. तेही सीरम, म्हणजे रक्ताचा पेशींविना पातळ भाग, इथेच वेगळं करून. नाहीतर बसच्या धक्क्यांनी तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं फॉस्फेट बाहेर येतं आणि कमी असलेला आकडा चांगला दिसतो. आमच्या लॅबवाल्याला हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

मागच्या खेपेला आकडा ३.२ होता. आता नवराच म्हणतो, "एकदा तो मोठा फोटो काढून घेऊ ना जी, पायापर्यंतचा." मी नाही म्हटलं. फॉस्फरस उतरला तरच काढू.