तुम्ही विचारलंत म्हणून: एसाउइराच्या त्या रात्रीचा व्हिडिओ कुठंय?

मोरोक्कोहून येऊन दीड वर्ष झालं तरी लग्नात, ऑफिसात, ट्रेकला कुणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच, "अगं त्या रात्रभरच्या गाण्याचा व्हिडिओ दाखव ना." नाहीये म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं, "तीन आठवडे एकटी फिरलीस आणि नेमकं तेवढंच नाही काढलंस?" काढलं होतं. चार मिनिटं आणि वर काही सेकंद. मीच डिलीट केलं. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून मला आता खरंच कंटाळा आलाय, आणि अर्धवट सांगितलं की लोकांना वाटतं मी भाव खातेय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

बाकीचे फोटो तुम्ही पाहिलेत. फेस शहरातले चामडं कमवायचे हौद पाहिलेत, तिथं कबुतराच्या विष्ठेत आणि चुन्यात कातडी भिजवतात आणि वर गच्चीत जाताना हातात पुदिन्याची काडी देतात नाकाशी धरायला. गल्लीत खेचरं आणि "बालाक, बालाक" म्हणजे सरका सरका असं ओरडणारे हमालही पाहिलेत. माराकेशच्या जमा एल्-फना चौकात मी गाणाऱ्यांचे ढीगभर व्हिडिओ काढले, त्यांनी वीस दिरहॅम मागितले, मी दिले, व्यवहार सरळ होता. तेव्हा "तुला शूटिंगचंच वावडं आहे का" असं कृपा करून विचारू नका. नाहीये.

एसाउइराची गोष्ट वेगळी. माराकेशपासून बसने तीनेक तास, समुद्राकाठचं तटबंदीचं गाव, दिवसभर सुसाट वारा, बंदरात निळ्या होड्या आणि डोक्यावर सीगल. हे गाव ग्नावा लोकांचं मोठं ठाणं. सहारापलीकडून गुलाम करून आणलेल्या काळ्या माणसांचे हे वंशज, त्यांच्या गाण्यात आजही बांबारा भाषेतले शब्द येतात, आणि हातातले करकेब, म्हणजे मोठ्या लोखंडी चिपळ्या, वाजतात तो आवाज साखळदंडांची आठवण आहे असं तिकडे सांगतात. 1998 पासून इथं जवळजवळ दर वर्षी ग्नावा संगीताचा मोठा फेस्टिव्हल होतो, 2019 मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारसा यादीत घेतलं. पण स्टेजवर वाजतं ते वेगळं आणि घरात लीला होते ती वेगळी. लीला म्हणजे अरबीत रात्र. घरात दुखणं असलं, मन थाऱ्यावर नसलं की रात्रभर ग्नावा बसवतात.

मी जिथं खोली घेतली होती तिथल्या काकूंच्या बहिणीसाठी लीला होती. (काकू मीच म्हणायचे, मी भारतातली आहे कळल्यावर त्यांनी शाहरुख खानचं नाव घेतलं तिथून आमचं जमलं.) चल म्हणाल्या. रिकाम्या हाताने जायचं नाही हे आपल्यासारखंच, म्हणून बाजारातून कागदात गुंडाळलेला दोन किलोचा साखरेचा सुळका घेतला, तिकडे लग्नाला, बारशाला, मयताला तोच नेतात.

रात्री आधी गल्लीत ढोल, मेणबत्त्या, सगळ्यांना खजूर आणि दूध. मग आत. मुख्य वादकाला माल्लेम म्हणतात, त्याच्यापुढे गिंब्री, लाकूड कोरून केलेलं तीन तारांचं जाडजूड वाद्य, तोंडाला उंटाचं कातडं. तो बोटांनी तार छेडतो आणि त्याच बोटांनी कातड्यावर थापही मारतो, म्हणजे सूर आणि ठेका एकाच हातातून. मला पहिल्यांदा आठवलं ते गोंधळ्याचं तुणतुणं, त्यालाही खाली कातडंच असतं. पण गिंब्रीचा आवाज कानात नाही, पोटात वाजतो. मग एकेका अदृश्य शक्तीला बोलावतात, प्रत्येकीचा रंग वेगळा, धूप वेगळा. निळा रंग आला, समुद्राचा, आणि काकूंची बहीण उठली.

शांत, पन्नाशीची बाई. दुपारी माझ्याबरोबर बसून बदाम सोलत होती. तिच्या डोक्यावर निळं कापड टाकलं, कुणीतरी कमरेला ओढणी बांधली आणि मागून एक बाई ती ओढणी धरून उभी राहिली, पडू नये म्हणून. बहीण पुढे वाकून मान हलवायला लागली, केस सुटले, तोंडातून हुंकार. आणि मी फोन काढला. विचारबिचार काही केला नाही, हात आपोआप गेला.

चार मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग त्या विधीची मुख्य बाई, मुकद्दमा, धुपाटणं खाली ठेवून माझ्याकडे आली आणि तिने तळवा माझ्या कॅमेऱ्यावर ठेवला. रागावली नाही. "साफी" एवढंच म्हणाली, म्हणजे पुरे. तिच्या तळव्याला धुपाचा वास होता आणि राखेचा काळा डाग माझ्या लेन्सवर उठला.

आता जे कुणाला सांगत नाही ते सांगते. माझ्या मोठ्या आत्याच्या अंगात येतं. आमच्याकडे साताऱ्याला चुलतभावाच्या लग्नानंतर गोंधळ घातला, संबळ वाजायला लागलं आणि आत्या घुमायला लागली. आई मागून तिचा पदर धरून उभी होती, अगदी तसंच. एका भावाने शूटिंग केलं, फॅमिली ग्रुपवर टाकलं, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. तिथून ते बाहेर गेलं आणि आत्याच्या सुनेच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्या सुनेलाच दाखवलं, "हे बघ काय भारी." बाहेर पाठवणाऱ्यांत मीही होते. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना पाठवलं होतं, एक शब्दही न लिहिता, नुसतं फॉरवर्ड. त्यानंतर आत्या गोंधळाला येते पण चौकात बसत नाही.

तो तळवा लेन्सवर आला तेव्हा मला आत्याच दिसली. घराच्या जिन्यात जाऊन डिलीट केलं, ट्रॅशमधूनही काढलं. फार बरोबर वागले असं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी बंदरावर त्या टोळीतला करकेब वाजवणारा पोरगा भेटला, विशीतला असेल, हसत म्हणाला काल तू रेकॉर्ड केलंस ना, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. त्याला स्वतःचं वाजवणं हवं होतं, कुठल्याशा ऑडिशनसाठी. मी म्हटलं पुसलं. त्याला आधी खरं वाटेना, मग त्याचा चेहरा पडला. त्या बाईला झाकता झाकता मी त्याचीही रात्र पुसली, आणि दोघांनाही विचारलं नव्हतं, काढतानाही नाही आणि पुसतानाही नाही.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, फेस्टिव्हलला हजारो लोक मोबाईल वर धरून उभे असतात, युनेस्कोच्या यादीत आहे, तुझ्या एका क्लिपने काय बिघडणार होतं, आणि नुसता आवाज तरी ठेवायचास. त्या आवाजावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आवाज ठेवता आला असता. कधीकधी रात्री गिंब्रीची ती चाल आठवायचा प्रयत्न करते, पहिले चार ठोके येतात आणि पुढचं निसटतं. तेव्हा मला माझाच राग येतो. आणि मग कुणीतरी "दाखव ना" म्हणतं आणि मला वाटतं बरं झालं नाहीये, कारण असता तर मी दाखवला असता, तुम्ही चहा पिता पिता पाहिला असतात, आणि त्या बाईच्या सुटलेल्या केसांवर काहीतरी बोलला असतात. तुम्ही वाईट म्हणून नाही, मीही बोललेच असते.

आत्याला यातलं काही सांगितलेलं नाही. या नवरात्रात घरी परत गोंधळ होता, मी फोन गाडीतच ठेवून आत गेले. आत्या तरीही स्वयंपाकघरातच बसली होती, पुरणयंत्र पुढ्यात घेऊन. बाहेर संबळ सुरू झालं तेव्हा तिचा हात थांबला, एवढं मला दारातून दिसलं.