भोकं मूळचीच होती!

पैसे हातात पडून महिना झाला, तरी त्या कुरियर कंपनीचा नुकसानभरपाईच्या क्लेमचा फॉर्म आठवला की माझं डोकं तापतं.

मी फ्रीमाँटला राहतो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पर्यावरण चळवळीची, म्हणजे २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाच्या आगेमागे निघालेली सायकेडेलिक, म्हणजे भडक रंगांची, भोवळ आणणारी पोस्टरं जमवतो. क्लेम ज्याचा केला ते पोस्टर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं, मे १९७० चं. झाड, बॉम्ब आणि भगभगीत नारिंगी आकाश. लिलावात मिळालं. आलं तेव्हा ज्यात गुंडाळून पाठवलं ती नळी मधोमध चेपलेली आणि पोस्टरवर तिरकी घडी. स्क्रीन प्रिंटची, म्हणजे जाळीतून दाबून केलेल्या छपाईची शाई जाड असते, घडीवर तिचे टवके उडाले.

क्लेम केला. आधी किमतीचा पुरावा मागितला, तो दिला. मग उत्तर आलं: ‘मालात आधीचेच दोष. दोन्ही कडांना भोकं, मध्ये आडवी घडी, मागे छपाई. क्लेम नामंजूर.’

अहो, तीच तर त्याची ओळख! अमेरिकेची कंबोडियावरची चढाई आणि तिच्या निषेधात केंट स्टेट विद्यापीठात जमलेल्या विद्यार्थ्यांवरचा गोळीबार यांनंतर बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी पोस्टरांचा धडाका लावला, तो बऱ्याचदा कॉम्प्युटरच्या वापरलेल्या कागदाच्या पाठीवर. कडेची भोकं कागद पुढे ओढणाऱ्या प्रिंटरच्या दात्यांसाठी, आडवी घडी दोन पानांमधली. हे मी तीनदा लिहून कळवलं, तीनदा तेच छापील उत्तर आलं. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. एकाने तर विचारलं, रद्दी कागदाचे एवढे पैसे कसे? त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटी कागद-संवर्धन करणाऱ्या एका बाईंकडून पत्र घेतलं: मूळच्या खुणा कुठल्या, नवी इजा कुठली, प्रत्येकीचा फोटो. ते थेट वरच्या अधिकाऱ्याला पाठवलं. ४१ व्या दिवशी क्लेम मंजूर! हे पत्र पहिल्याच दिवशी जोडा. चेपलेली नळीही टाकू नका, ती नंतर मागतात.

ती तिरकी घडी त्या संवर्धनवाल्या बाईंनी दमट हवा देऊन, वजनाखाली ठेवून बरीच सपाट केली. असल्या पोस्टरला मागून कापड चिकटवून घेऊ नका, मागची छपाई कायमची झाकली जाते. फ्लोरोसंट शाई उन्हात फार लवकर उडते, म्हणून माझं खिडकीपासून लांब आहे.

आणि हो, घेण्याआधी भिंगातून बघा. स्क्रीन प्रिंटच्या सपाट रंगात ऑफसेटसारखे बारीक ठिपके दिसत नाहीत. दिसले, तर ते नंतरचं पुनर्मुद्रण असू शकतं, विकणाऱ्याला आधी विचारा.