नांगरावरचे घर

होडीवर राहतो असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फुगलेले शीड आणि चहूकडे पसरलेला समुद्र येतो. गेल्या वर्षीची आमची नोंदवही चाळली, तर ३६५ दिवसांपैकी जेमतेम ४० दिवस आमची ३८ फुटी होडी प्रत्यक्ष चालत होती. उरलेले सगळे दिवस ती कुठल्या ना कुठल्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभी होती. त्यामुळे या जगण्याविषयी काही लिहायचे, तर शिडांविषयी थोडे आणि नांगराविषयी बरेच लिहावे लागेल.

सध्या आम्ही दोघे दक्षिण प्रशांत महासागरातील तुआमोतू द्वीपसमूहात, फाकाराव्हा नावाच्या कंकणद्वीपाच्या आग्नेय कोपऱ्यात आहोत. मूळचे ज्वालामुखी बेट हळूहळू खचत समुद्रात बुडते आणि त्याच्या काठाने वाढलेली प्रवाळाची भिंत पृष्ठभागाशी राहण्यासाठी वर वर वाढत जाते, अशी कंकणद्वीपांची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली. बेट गेले आणि त्याभोवतीचे कडे तेवढे उरले, असा हा प्रकार आहे. नकाशावर हे कडे फार देखणे दिसते, परंतु समुद्रावरून येणाऱ्याला ते जवळजवळ दिसतच नाही. डोंगर नाही, टेकडी नाही. काही मैलांवर आल्यावर क्षितिजावर माडांचे शेंडे उगवतात, तेही दिवस असेल तर. फ्रेंच दर्यावर्दी बुगनव्हिल १७६८ मध्ये या बाजूने गेला, तेव्हा त्याने या बेटांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ असे नाव दिले होते. आमच्याकडे उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आहे, इलेक्ट्रॉनिक नकाशे आहेत, वरून घेतलेली उपग्रहचित्रेही साठवून ठेवलेली आहेत; तरीही मार्केसास बेटांकडून सुमारे ५०० सागरी मैल कापून येताना आम्ही मध्यरात्री येथे पोहोचलो, तेव्हा शिडे अशा रीतीने बांधून घेतली की होडी जवळपास जागच्या जागी राहावी, आणि पाळीपाळीने जागत उजाडण्याची वाट पाहिली.

आत शिरण्याचा मार्ग म्हणजे प्रवाळभिंतीतील खिंड. खारकच्छातील, म्हणजे या कड्याने वेढलेल्या आतल्या जलाशयातील, पाण्याची ये-जा मुख्यतः अशा एकदोन खिंडींतून होते. शिवाय वाऱ्याकडच्या बाजूला मोठ्या लाटा भिंतीवरून उसळून आत पडत असतात आणि ते सगळे जादा पाणीही त्याच खिंडीतून बाहेर पडू पाहते. म्हणून भरती-ओहोटीचे तक्ते येथे अर्धवटच उपयोगी पडतात. दक्षिणेकडून चार दिवस मोठ्या लाटा येत असतील, तर तक्त्यानुसार भरती असतानाही पाणी बाहेरच धावताना दिसते. काही खिंडींत प्रवाहाचा वेग ६ नॉटांच्याही (ताशी सुमारे ११ किलोमीटरच्या) वर जातो, आणि आमचे इंजिन पूर्ण जोर लावून होडीला जेमतेम तेवढाच वेग देते. हे गणित एकदा डोक्यात बसले की घाई आपोआप संपते. प्रवाह मंदावण्याची वेळ गाठायची आणि सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तेव्हाच आत शिरायचे. सूर्य समोर असला की पाण्यावर नुसता चकाकता पत्रा दिसतो आणि खालचे काहीही कळत नाही. पाठीमागे असला की गर्द निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे-निळे म्हणजे वाळू, आणि तपकिरी म्हणजे वर आलेले प्रवाळ, असा पाण्याचा रंग स्वच्छ वाचता येतो. त्या वेळी एकाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून हाताने दिशा दाखवायची आणि दुसऱ्याने सुकाणू धरायचे. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, हे आम्ही बऱ्याच भांडणांनंतर शिकलो.

आता नांगराकडे वळते. नांगर जड असतो म्हणून होडीला धरून ठेवतो, असे मला पूर्वी वाटत असे. प्रत्यक्षात आमचा नांगर २५ किलोचा आहे आणि होडी त्याच्या कितीतरी पट जड. नांगर वाळूत रुततो, आणि रुतलेला राहण्यासाठी त्याच्यावरचा ओढा तळाशी जवळजवळ समांतर असावा लागतो. ओढा वर येऊ लागला की नांगर उपटला जातो. म्हणून साखळी सढळ हाताने सोडायची. १० मीटर खोली, त्यात नाळेची पाण्यापासूनची दीड मीटर उंची मिळवायची, आणि येणाऱ्या साडेअकराची पाचपट, म्हणजे सुमारे ६० मीटर साखळी बाहेर. वारा वाढणार असेल तर सातपट. १० मिलिमीटर जाडीची साखळी दर मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, तेव्हा एवढ्या साखळीचे वजनच नांगराच्या पाचपटीहून अधिक होते आणि तिचा झोल होडीचे हिसके पोटात घेतो. वारा फार वाढला की तो झोलही ताणला जाऊन नाहीसा होतो. त्यासाठी साखळीला आकड्याने नायलॉनचा एक दोर अडकवून ताण त्याच्यावर घेतो, कारण नायलॉन ताणले जाते आणि लोखंड ताणले जात नाही. एवढे झाले की इंजिन उलटे चालवून नांगर रुतला आहे का ते पाहायचे, आणि शेवटी डोळ्यांना मुखवटा लावून पाण्यात उतरायचे व तो स्वतः पाहून यायचा. उष्ण कटिबंधातल्या नितळ पाण्याची ही सवलत मला निळाईच्या सगळ्या वर्णनांपेक्षा मोलाची वाटते.

येथे वाळू सलग नसते. मधूनमधून प्रवाळाचे खडक वर आलेले असतात आणि वारा फिरला की होडीबरोबर साखळीही तळाशी फिरते व त्या खडकांना वेढे घालते. त्यामुळे प्रवाळ मोडतो, आणि वेढ्यांमुळे साखळी आखूड होऊन होडीला हिसके बसू लागतात. त्यावर येथील होडीकरी एक साधा उपाय करतात. मोत्यांच्या शेतीतून निसटून किनाऱ्यावर वाहत आलेले जुने बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, जमवायचे आणि साखळी सोडताना ठरावीक अंतरांवर ते तिला बांधत जायचे. नांगराजवळची साखळी वाळूवर पडून राहते आणि पुढची खडकांच्या वर तरंगती राहते.

हे बोये पहिल्या महिन्यात आम्ही बांधले नव्हते. सात-आठ दिवस आग्नेय वारा इमानाने वाहत होता. हा व्यापारी वारा जोरावर आला की येथे त्याला मारामू म्हणतात. माडांची रांग वाऱ्याकडे होती, पाणी सपाट होते, आणि हे असेच चालणार अशी आमची समजूत झाली होती. दक्षिणेकडून दूरवर कमी दाबाचा पट्टा सरकत जातो, तेव्हा येथील वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो: आधी ईशान्य, मग उत्तर, मग वायव्य, आणि पुढे नैर्ऋत्येकडून पुन्हा मूळ जागी. अंदाजात तो फिरण्याची वेळ सकाळची दिली होती. रात्री दीड वाजता मला जाग आली ती साखळीच्या आवाजाने. नेहमीच्या मंद खरखरीऐवजी कोणी खालून घण घालत असल्यासारखा आवाज येत होता. बाहेर येऊन पाहते, तो माडांची रांग मागच्या बाजूला आली होती. होडी नांगराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली होती, म्हणजे शंभराहून अधिक मीटर किनाऱ्याकडे सरकली होती, आणि नांगर जागचा हललासुद्धा नव्हता. फाकाराव्हाचे खारकच्छ सुमारे ६० किलोमीटर लांब आहे. त्या सगळ्या लांबीवर वाढत आलेल्या लाटा आता थेट आमच्या नाळेवर येत होत्या, आणि साखळी खडकात अडकल्यामुळे नाळेला मोकळेपणाने वर उठताही येत नव्हते. अंधारात खडक दिसत नसताना निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही इंजिन मंद गतीने पुढे चालू ठेवून साखळीवरचा भार हलका केला आणि पहाटेपर्यंत सुकाण्याशी बसून राहिलो. उजाडल्यावर वेढे सोडवायला तीन तास लागले: थोडे पुढे, थोडे डावीकडे, पुन्हा मागे, आणि मुखवटा लावून पाण्यात मान घालून नवरा मला हाताने दिशा दाखवत होता. त्या रात्रीनंतर बोये बांधल्याशिवाय आम्ही एकदाही नांगर टाकलेला नाही, आणि हवामानाच्या अंदाजातील वेळेवर चोवीस तासांची सूट धरतो.

घरातील इतर व्यवहारांविषयी थोडक्यात सांगते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमचे गोडे पाणी करणारे यंत्र ते पाणी वातावरणाच्या पन्नासपटीहून अधिक दाबाने बारीक पटलातून ढकलते आणि तासाला सुमारे २५ लिटर पाणी देते. दोघांना दिवसाला २० लिटर पुरतात, कारण भांडी आणि अंग आधी खाऱ्या पाण्याने धुऊन शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा असतो. वीज सौर पट्ट्यांतून येते आणि तिचा निम्मा वाटा एकटा फ्रिज खातो. डोलकाठीची बोटभर सावली पट्टीवर पडली तरी उत्पादन डोळ्यांदेखत घसरते, म्हणून वारा फिरला की होडीची दिशा बदलून आमच्या विजेचा हिशेबही बदलतो. खाऱ्या पाण्याने एकदा भिजलेली गादी कितीही उन्हात ठेवली तरी रात्री पुन्हा ओलसर होते. तिच्यातले मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि गोड्या पाण्याने धुतल्याखेरीज त्यावर उपाय नाही. मोठे प्रवाळमासे आम्ही स्थानिकांना विचारल्याशिवाय खात नाही, कारण त्यांच्यात साठणारे सिगुआटेरा विष शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि ते चवीवरून किंवा वासावरून ओळखताही येत नाही.

राहण्याच्या या पद्धतीला मोकळे जगणे म्हणतात, आणि मला त्या शब्दाची थोडी गंमत वाटते. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम. येथे दरवर्षी वादळ येते असे नाही. परंतु १९८२-८३ मध्ये, मोठ्या एल निनोच्या वर्षी, फ्रेंच पॉलिनेशियावर, म्हणजे ही बेटे ज्यात येतात त्या प्रदेशावर, एकामागून एक चक्रीवादळे आली, आणि कंकणद्वीपावर आसरा घ्यायला उंच जमीनच नसते. म्हणून ऑक्टोबरपर्यंत आम्हाला ईशान्येकडे मार्केसास बेटांच्या दिशेने परत सरकायचे आहे, तेही नेहमीच्या वाऱ्याविरुद्ध. त्यासाठी ज्या उत्तरेच्या वाऱ्याने आमची एक रात्र खाल्ली, त्याचीच वाट पाहावी लागेल, कारण तो आला की दोनचार दिवस तिकडचा रस्ता मोकळा होतो.

तूर्तास बुधवारी वारा ईशान्येला वळण्याचा अंदाज आहे, म्हणजे आमच्या हिशेबाने मंगळवारी. म्हणून उद्या दहा वाजता, ऊन पाण्यात नीट उतरले की, नांगर उचलून खारकच्छाच्या ईशान्य कोपऱ्यातील गावाकडे जायचे ठरले आहे. त्याआधी पाण्याची टाकी भरून घ्यायची आहे, डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी होडी, वर उचलून बांधायची आहे, आणि साखळीवरचे चारही बोये सोडताना कोणी नाळेवर ओणवे व्हायचे, हे अजून ठरायचे आहे.